मशीनचा वाटा

"आदी खोलू, मंग बोलू," असं म्हणत काका आधी चष्मा पुसायचे आणि मग समोरच्या वस्तूचा पहिला स्क्रू ढिला करायचे. वस्तू कुणाची आहे, ती बिघडली आहे की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. माझ्या दुकानातला चांगला चालणारा पंखा त्यांनी असाच एकदा खोलला होता. तो त्यानंतरही चालला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

माझं पनवेलात नट-बोल्ट, पट्टे, ऑइल विकायचं दुकान आहे. काका खाडीकाठच्या गावातले, होडीवाले. दोन जोडीदार घेऊन मासे मारायचे आणि होडीमागे लटकवायच्या मशीनसाठी ऑइल न्यायला माझ्याकडे यायचे. पाव लिटर ऑइल घेऊन तासभर बसणारं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. ते उठून गेलं की दुकान उगाच मोठं वाटतं.

त्यांच्या भाचीला कामोठ्यातलं स्थळ सांगून आलं तेव्हा बाकीचे पाहुणे पोहे खात होते आणि काका मुलाकडचा जुना मिक्सर मांडीवर घेऊन खोलत होते. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "मानसं बरी हायत. तीनदा बिगडला, पन फेकला नाय." लग्न ठरलं, आणि छान चाललं आहे.

मग एके दिवशी खुद्द काकांच्या मशीननंच भर खाडीत मान टाकली. तिघं वल्ही मारत परतले. मशीन टेम्पोतून माझ्या ओट्यावर आलं आणि काकांनी ते खोललं. पिस्टन चिकटलेला, आतून खाऱ्या पाण्यानं पोखरलेलं, दांडा गंजलेला. उरणहून मिस्त्री बोलावला, त्यानंही मान हलवली. काकांचा मुलगा नोकरीला, तो नवीन मशीन घेऊन द्यायला तयार होता. माझा स्वभाव काकांच्या उलटा, मी आधी बोलतो. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, भंगारात द्या.

काका हो म्हणेनात की नाही म्हणेनात. होडी किनाऱ्याला पडून राहिली. जोडीदार दुसऱ्यांच्या होडीवर जायला लागले. मशीन माझ्या ओट्यावर, वर गोणपाट, आणि काका रोज येऊन गोणपाट उचलून आत बघणार, पुन्हा झाकणार. शेवटी मी वैतागून विचारलं, लोखंडात एवढा जीव का अडकलाय तुमचा?

तेव्हा त्यांनी सांगितलं. खाडीवर मासळीचे वाटे पडतात. प्रत्येक माणसाला एक, होडीला एक आणि मशीनलाही एक. होडी काकांची होती, पण मशीन थोरल्या भावानं घेतलेलं. भाऊ लवकर गेला, मागे मूलबाळ नाही. तेव्हापासून मशीनचा वाटा वहिनीच्या टोपलीत पडत होता. तो बाजारात विकून तिनं आपलं घर ताठ मानेनं चालवलं होतं. नवीन मशीन आलं की ते काकांचं, आणि वाटाही काकांचा.

मी म्हटलं, मग तुमच्यातलं द्या की त्यांना. काका हसले. एका दिवाळीला त्यांनी वाट्याबाहेरची एक चिंबोरी, भला मोठा खेकडा, गुपचूप तिच्या टोपलीत टाकली होती. ती जिवंत चिंबोरी दोरीला लटकवून वहिनी अख्ख्या गावातून चालत आली आणि काकांच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. फुकटचं नको, एवढंच बोलली.

"आता सांगा शेट," काका म्हणाले, "नवीन मशीन आनला का तिची चूल मीच इजवली ना?"

मी जुन्या सामानवाल्यांना फोन लावायला घेतले. त्यांच्याकडून मिळेल ते गोळा करून मिस्त्रीनं काम सुरू केलं. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, दांडा बदलला, पाण्यातला पंखाही बदलला. आतला मोठा ठोकळा तर दुसऱ्याच एका मेलेल्या मशीनचा निघाला. मुलगा कुरकुरला, यात नवंच आलं असतं. मिस्त्रीनं कंटाळून विचारलं, यातलं जुनं ठेवायचं तरी काय?

"झाकन ठेव," काका म्हणाले. वरच्या त्या निळ्या झाकणावर थोरल्यानं लाल रंगात बायकोचं नाव लिहिलं होतं.

दुकानामागे पाण्याच्या पिंपात मशीन लटकवून चालू केलं, त्या दिवशी वहिनी रिकामी टोपली कमरेवर घेऊन बघायला आली. धुरानं सगळी आळी खोकत होती. तिनं पदरानं झाकणावरचं नाव पुसलं आणि विचारलं, "त्येच हाय ना?"

"त्येच, वैनी."

माझ्या तोंडाला खाज सुटली होती. पण काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ आवरली. आयुष्यभर दिसेल ते खोलणारा तो माणूस त्या दिवशी झाकणावर तळहात दाबून उभा होता. मला काका फार आवडले त्या क्षणी.

त्यानंतर होडी बरीच वर्षं चालली. उलव्याकडे भराव पडला, खाडी आखडली, वाटे लहान झाले, पण पडत राहिले. गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. होडी आता जोडीदार चालवतात. होडीचा वाटा काकूंना जातो आणि मशीनचा वहिनीला.

परवा वहिनी स्वतः ऑइल न्यायला आली. मशीन तिचं, तेव्हा ऑइलही तिनंच घ्यायचं, असा तिचा हिशोब. काका बसायचे त्याच स्टुलावर टेकली. आणि मी, स्वभावाला औषध नाही म्हणतात तसा, बोलायला लागलो. म्हटलं, मावशी, त्या मशीनबद्दल एक सांगायचं राहिलंय.

"ठाव हाय," ती म्हणाली. "आमच्या मशीनचा आवाज मी धक्क्यावरनं वळकायची. ह्यो आवाज दुसराच हाय."

मग कधी विचारलं कसं नाही, मी म्हटलं.

तिनं बाटली टोपलीत नीट उभी केली आणि वर फडकं टाकलं.

"भावजीनं येवड्या मायेनं बशिवल्यालं. मी झाकन कदी उचललाच नाय," ती म्हणाली. "खोलला असता, तं बोलावा लागला असता."