वन्संनी राखून ठेवलेली विद्या

आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या खोलीत नर्स आहेत. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. बाळाची शीर दिसत नसली की वन्सं डोळे मिटतात, बोटाच्या टोकाने चाचपतात आणि अलगद सुई घालून सलाइन लावतात. हे त्यांनी कितीतरी मुलींना शिकवलं. हात बसला की मुलगी चालली परदेशी. बाळांचे डॉक्टरही तिकडेच गेले.

"मी काय विमानतळ उघडलाय का, वहिनी?" असं हसून म्हणायच्या. पुढे पुढे ते हसणंही गेलं.

यंदा नवी मुलगी आली, हुशार आणि लाघवी. वन्संनी तिला दूध पाजणं, वजन घेणं, ताप बघणं सगळं दाखवलं. सुई मात्र हातात दिली नाही.

"तिकडे आधी हेच विचारतात. हे येत नसेल तर राहील माझ्याजवळ."

"देवाने दिलेली विद्या अशी दडवू नये हो, वन्सं."

"मग देवाला सांगा, एक तरी माणूस इथे ठेव म्हणून."



गेल्या आठवड्यात वन्सं तापाने फणफणल्या. दुपारी त्या मुलीचा फोन आला, तो मीच घेतला. "जुलाबाने बाळ सुकलंय, शीर मिळत नाही, डॉक्टर ऑपरेशनला उभे आहेत. ताईंना पाठवा ना!"

तशाच तापात वन्संना रिक्षात बसवलं. दवाखान्याचा जिना चढताना त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. वर पोचलो तर मुलगी भिंतीला टेकून उभी. बाळाच्या हातापायांवर टोचल्याच्या खुणा. सगळं संपलं होतं आणि आई त्याला अजून थोपटत होती.

मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, मी किती वेळा म्हटलं होतं, शिकवा म्हणून."

घरी आल्यावर मी म्हटलं, "आजारी होतात तुम्ही. तुमचा काय दोष?"

"तापावर ढकलू नका, वहिनी."

आज बरं वाटल्यावर त्या कामावर निघाल्या. "आजपासून तिला सुई देते."

"शिकली की जाईल हो."

"जाईलच. असेल तोवर तरी बाळं वाचतील."

संध्याकाळी आल्या, हातपाय धुतले. मी पान वाढायला घेतलं, तर नको म्हणाल्या.

"चांगला हात आहे तिचा," खोलीत जाताना म्हणाल्या. "फार दिवस नाही राहायची."