कंट्रोलचे उंदीर

देवाजीमामा पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला आले ते एका खासगी संशोधन संस्थेत उंदीर सांभाळायला. अकरा वर्षं झाली. पिंजरा उघडण्याआधी ते "च्यक्‌ च्यक्‌" करतात. घरी मामीला हाक मारायची तरी तसंच. "मी काय उंदीर आहो?" मामी भडकते.

मागच्या वर्षी निशात मॅडमचा प्रयोग सुरू झाला. ऑपरेशन करून उंदराची अन्ननळी आतड्याला जोडायची. मग आम्ल आणि पित्त वर चढतं, नळी रोज भाजते आणि काही महिन्यांनी काहींना तिथे कॅन्सर होतो. माणसात याच गोष्टीला वर्षानुवर्षं लागतात. अर्ध्या उंदरांना नवं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांच्या रॅकवर मॅडमनी चिठ्ठी लावली: कंट्रोल.

कंट्रोल म्हणजे आमच्याकडे रेशनचं दुकान. मामांनी अर्थ लावला, हे गरिबाघरचे, म्हणून यांना औषध नाही. मामी जळजळीवर चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घेते. मामांनी तोच या उंदरांच्या बाटल्यांत टाकायला सुरुवात केली.

पाच महिन्यांनी मॅडम वहीत लिहीत होत्या. त्यांचं बोलणं म्हणजे रेडिओवरच्या बातम्या, मध्येच घरची हिंदी.

"कंट्रोलचे उंदीर दुप्पट पाणी पितात. म्हणजे रोगामुळे तहान वाढते. कमाल है! हे रिपोर्टात जाणार."

मामा गप्प राहिले असते तर नोकरी शाबूत होती.

"मॅडम, थे तहान रोगाची नाई. मी सोडा टाकून राह्यलो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"किती?"

"चिमूट."

"पण का, देवाजीभाऊ?"

"कंट्रोलचे होते ना. त्यायले कोनी काहीच देत नव्हतं."

मॅडम स्टुलावर बसल्या. "अहो, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले. त्यांना काही दिलं, तर औषधाचा गुण कळणार कसा?"

सगळा प्रयोग बाद झाला. संस्थेच्या साहेबांना मामांना काढायचंच होतं. मॅडम मध्ये पडल्या. "दुसऱ्यानं सांगितलं नसतं, सर. मी खोटं छापून बसले असते."

नवे उंदीर आले, ऑपरेशनं झाली. टाके सुकल्यावर मामांनी विचारलं, "मॅडम, यायले बी काहीच नाई?"

"काहीच नाई."

मामांनी साधं पाणी भरलं, बाटली उलटी लावली आणि उंदीर पिईपर्यंत तिथेच उभे राहिले.