सखारामचा राब

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — तिला वाटतं, भाजावळीच्या धुराने मला दम लागतो म्हणून मी खिडक्या लावून घेतो.

खेडला एकदा परिसंवाद होता. झाडांच्या प्रेमातून माणसांचा द्वेष आणि त्या द्वेषातून जाळपोळ होऊ शकते का, असा विषय. मी ठणकावून सांगितलं — शक्यच नाही! ज्याला पान तोडवत नाही, तो माणसावर हात काय उगारणार? टाळ्या पडल्या. मी हसून नमस्कार केला. इतका निर्लज्ज होऊ शकतो माणूस?

मंडणगडजवळचं आमचं गाव. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. देवाची राई विरळ होत चालली, म्हणून गावातल्या तरुणांचं मंडळ काढलं. राईवर माझं प्रेम होतं — ते खोटं नव्हतं, हेच जास्त टोचतं. आमच्याकडे पेरणीआधी झाडांची कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या तोडतात, वाळवून शेतात पसरतात आणि पेटवतात. तो राब, आणि तो पेटवणं म्हणजे भाजावळ. त्या राखेत भात पेरायचं. कवळ सगळं गाव तोडायचं. पण बैठकीत मी बोट दाखवलं ते फक्त बौद्धवाडीकडे. म्हणालो, राई वाचवायची तर आधी तण उपटा. तण म्हणजे कोण, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते सखारामने. गिरणीचा संप लांबला म्हणून मुंबईहून परतलेला. लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात, माझ्या बरोबरीने शिकलेला, तरी मला गुरुजी म्हणणारा. देवळापुढे सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरुजी, कवल तुमी पन तोडताव, आमी पन तोडतो. मंग राईचा पाप आमच्याच माथी कसा?"

माझ्या शेतातला राब त्याच राईतला होता. मी म्हणालो, आम्हा मानकऱ्यांचा हक्क वेगळा. लोक हसले. मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, त्याचं घर पेटलं. पेंढ्याचं छप्पर, आणि आत एकटीच, अंथरुणाला खिळलेली त्याची आई. ती वाचली नाही. मंडळातला एकजण माझ्याकडे आला. हाताला रॉकेलचा वास. "तुमीच बोल्लाव ना, तण उपटा?" मी काय केलं? त्याला हात धुवायला साबण दिला.

सकाळी फौजदार येणार होते. राबाची ठिणगी उडून छप्पर पेटलं, असं सांगायचं मी ठरवलं. भाजावळीच्या दिवसांत कुणालाही पटलं असतं. पण सखारामचा राब घराशेजारच्या शेतात तसाच पसरलेला होता — न पेटवलेला. ज्याने पाहिलं असतं त्याला कळलं असतं. पहाटे वाडीतले सगळे त्याच्या आईला घेऊन नदीवर गेले होते. मी शेतात उतरलो, वाकलो आणि काडी लावली.

फौजदारांना राख दाखवली. त्यांनी मान हलवली.

सखाराम नदीवरून परतला तेव्हा ओल्या कपड्यांनी बांधावर उभा राहिला. काळ्या शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं. तरी फौजदारांपुढे तो एक शब्दही बोलला नाही — त्या गावात त्याचं कोण ऐकणार होतं?

त्या शेतात त्याने भात पेरलं नाही. बायकापोरांना घेऊन तो गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

राई आता दाट आहे. ती राखल्याबद्दल गावाने मला शाल दिली, आणि मी ती खांद्यावर घेतली.