खवल्या मांजराचा गोचीड

गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली की पगार वाढो न वाढो, किस्से वाढतात! दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी वाशीमला जनावरांच्या जखमा बांधणारा ड्रेसर होतो, तेव्हाचे तर इतके साचलेत की बायको म्हणते, "आता पोत्यात भरा." त्यातले खवल्या मांजराचे तेवढे सांगतो.

आमच्या डॉक्टरांना किड्यांचं भारी वेड. बैल बरा झाला की आनंद व्हायचाच, पण त्याच्या शेणात नवा जंत दिसला की जास्त! दवाखान्यातला एकुलता एक मायक्रोस्कोप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आणि मोठ्या साहेबांनी तोच अकोल्याला न्यायचं काढलं. डॉक्टरांनी गयावया केली.

"खवल्या मांजराचा गोचीड वेगळाच असतो म्हणता ना?" साहेब म्हणाले. "सोमवारी येतो. दाखवा, आणि मायक्रोस्कोप ठेवून घ्या!"

*

डॉक्टरांनी गावोगाव निरोप धाडले. बुधवारी मेडशी गावचा सीताराम टोपलीत खवल्या मांजर घेऊन हजर! जनावरानं अंगाचा असा चेंडू केलेला की डोकं कुठलं, शेपूट कुठली, पत्ता नाही. डॉक्टर आणि मी दोन्हीकडून ओढून घामाघूम झालो.

सीताराम तंबाखू मळत म्हणाला, "वढू नका सायेब. रुसलेल्या जावयाले आन याले वढून उपेग नसते. चूप बसा, आपोआप खुलते!"

खुललं. खवल्यांच्या फटीत हे एवढाले गोचीड! डॉक्टरांनी मला मिठीच मारली. साहेबांना अंगावरच दाखवायचे म्हणून एकही काढू दिला नाही.

*

खवल्या मांजराच्या विष्ठेत जंत होते, जंतूही होते. दवाखान्यासमोर भाजी विकणाऱ्या भागाबाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "माय वं! येवढी जत्रा पोटात घेऊन बिचारं उपाशी फिरून राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मेथीच्या टोपलीतून आंब्यावरच्या लाल मुंग्यांचं अख्खं घरटं आणून टेबलावर ठेवलं! खवल्या मांजर झकास जेवलं. डॉक्टर आणि मी बाकावर चढून धोतरं झटकत नाचत होतो.

*

शुक्रवारी एका लग्नात पंगतीला बसलो. शेवयांची खीर वाढली आणि डॉक्टर रंगात आले. "खवल्या मांजराचे जंत अगदी असेच. फक्त जरा हलतात!"

ओळीतले सगळे हात थांबले. मी तीन वाट्या खाल्ल्या. ड्रेसरला कसली किळस!

*

दवाखान्यात कुत्र्यांची भीती, म्हणून शनिवारी खवल्या मांजर सीतारामकडे ठेवायला दिलं. आता आमच्याकडे दुसऱ्याचं जनावर परत करायचं तर धुऊनपुसूनच करतात.

सोमवारी सकाळी सीताराम आला. "सरकारी जनावर हाय, म्हनून मी आन घरवाली बसलो सायेब. करंजाचं तेल लावून येकयेक खवला पुसला. येक गोचीड ठेवला नाही, पाहा!"

डॉक्टर मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "बैलाचा लावून देऊ!"

"मी कागदावर खोटं लिहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

*

साहेब आले. डॉक्टरांनी सगळं खरं सांगून टाकलं. साहेब हसले. जनावर तरी बघू म्हणून त्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि त्यानं अंग मिटलं! साहेबांचा हात आतच!

"हलू नका सायेब!" सीताराम ओरडला.

अर्धा तास साहेब टोपलीपाशी उकिडवे. हात सुटला तेव्हा मनगटाला एक गोचीड घट्ट चावलेला!

"हलू नका!" आता डॉक्टर ओरडले. चिमट्यानं अलगद काढून त्यांनी तो मायक्रोस्कोपखाली ठेवला. साहेबांनी बराच वेळ पाहिला.

"वेगळाच आहे हो! मायक्रोस्कोप इथेच राहील. करा नोंद."

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. रकाना होता, 'कोणत्या जनावराच्या अंगावरून काढला'. डॉक्टरांचा टाक हवेतच थांबला. एकदा त्यांनी टोपलीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

साहेबांनी रकाना वाचला, डॉक्टरांच्या हातून टाक घेतला आणि तिथे आपली सही ठोकली.