साडूच्या फोनातलं मेनूकार्ड

हॉटेलात ऑर्डर देण्याचा मान आमच्या सासरी माझा. थोरला जावई म्हणून मिळालेला हा एकुलता एक मान. बाकी कशात मला कोणी विचारत नाही. सगळे बसले की सासूबाई म्हणायच्या, "जावय, तुमीच सांगा काय ता." मग मी कार्ड हात लांब करून धरायचो, सावकाश पानं उलटायचो आणि दर वेळचंच सांगायचो. पनीर, डाळ, रोट्या. वर वेटरला बजावायचो, "आईंचं तिखट कमी हं." हे बजावताना मी स्वतःलाच फार आवडायचो.

मागे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा दाखवायला त्यांना मुरबाडहून शहापूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम. त्या आनंदात हायवेवरच्या नव्या हॉटेलात शिरलो. धाकटा जावई, म्हणजे माझा साडू, मुद्दाम कल्याणहून आला होता. मी कार्ड मागितलं, तर वेटरने टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

मी चष्मा चाचपतोय तोवर साडूने त्यावर फोन धरलाही. "राहू द्या साडूभाऊ, आलं माझ्याकडं." आणि तो फोन त्याने सरळ सासूबाईंच्या हातात दिला. "बघा आई, सगळ्याचे फोटो आहेत." मेव्हणी कौतुकाने नवऱ्याकडे बघत होती. तिचं ठीक आहे. माझी बायकोही बघत होती!

"फोटोवर जाऊ नका," मी म्हणालो. "फोटोत सगळंच चांगलं दिसतं. आणि तिखट कमी कर, हे फोनला कोण सांगणार?"

"खाली लिहायची सोय आहे," साडू म्हणाला. इतका नम्र बोलतो की भांडायचीही सोय नाही.

सासूबाईंना कार्ड कधी वाचता आलं नाही. चित्रं मात्र त्या नव्या डोळ्याने एकेक करून सरकवत होत्या. एका ठिकाणी बोट थांबलं. "ह्या काय गो?"

"सुकं मटण," बायको म्हणाली.

"ह्याच पायजे. तिखट."

"आई, तुम्हाला तर पनीर आवडतं," मी म्हणालो.

"कुनी सांगला? तुमी मागवायचे म्हून खायची. जावयाला नाय कसा म्हनायचा?"

टेबल हसलं. बायको सगळ्यांत जास्त.

मी हट्टाने वेटरला हाक मारून, तोंडाने, पनीर मागवलं. मटण आलं. सासूबाई खुशीत नळी चोखत होत्या. इतकी वर्षं मी ऑर्डर द्यायचो, तेव्हा त्यांचा असा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता. पनीरच्या वाटीला कोणी हात लावेना. मीसुद्धा मटणच ओढलं.

शेवटी साडूने वाटी जवळ घेतली. "मस्त आहे, साडूभाऊ," म्हणाला, आणि पुसून खाल्ली. रागवायला तेवढंही शिल्लक ठेवलं नाही मेल्याने.