आधी न्हाय

माझ्या र्‍हस्वदीर्घाच्या चुका होतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे वाचायला कोणी नाही, तरी माफी मागून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या शुद्धलेखनामुळेच घडलं.

माझी सासू रेवदंड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. गिर्‍हाईक कितीही भाव बोलो, तिचा पहिला शब्द ठरलेला. "न्हाय." मग बघायचं. मी शेजारी बसून पिशव्या बांधायचे, माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ती गेल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखले आणि तिच्यासारखी एक बाई काढली. डोक्यावर पाटी, कमरेवर हात, तोंडापुढे फुगा आणि फुग्यात "न्हाय". सरपंचाला न्हाय, मांजराला न्हाय, देवालासुद्धा आधी न्हाय. मला बोलवत नव्हतं ते ती बोलायची.

मुलीने त्या चित्रांचे फोटो काढून मुलांच्या एका मासिकाला पाठवले. त्यांना आवडले. त्यांनी पुढच्या गोष्टींचेही पैसे आगाऊ दिले, त्यात आम्ही घरावर पत्रे घातले.

अंक आला. चित्रं माझी, पण फुग्यांतले शब्द भलतेच. संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "ताई, तुमच्या चुका फार, म्हणून फुगे आमच्या लेखकाने लिहिले. कॉमिकमध्ये असंच असतं. एक काढतो, दुसरा लिहितो."

चुका सुधारल्या असत्या तर मी पाया पडले असते. पण त्यात एक साहेब भाव पाडून मागतो आणि माझी बाई म्हणते, "हो साहेब, तुम्ही म्हणाल तसं." कमरेवरचे हात मी काढले तसेच होते. हात भांडतायत आणि तोंड पाया पडतंय.

नवरा हसला. "पोरगी दिली का सासरचे सांगतील तशीच वागनार."

"सासरी गेली म्हणून जीभ कापून देतात का?" मी म्हटलं.

दुसर्‍याने लिहिण्याचं मला काही नाही. शेजारच्या मुलींनीही तिच्या गोष्टी रचल्यात. एकीने तर तिला विमानात बसवली. पण तिथेही चहा पुढे आल्यावर ती आधी न्हायच म्हणाली. ती माझीच बाई होती.

संपादक बाईंचा परत फोन आला. "पुढची चित्रं कधी देताय?"

"न्हाय," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"तिला न्हाय म्हणू द्या. मग देते."

बाई वाईट नव्हत्या. लेखकाशी बोलून त्यांनी कळवलं, मुलांच्या अंकात सारखं नाही-नाही बरं दिसत नाही. तुम्हाला तसंच हवं असेल तर आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागतील.

"करते."

पत्रे काही उतरवता येत नव्हते. मी सासूच्या जागेवर बोंबील आणि सोडे घेऊन बसले. पहिल्याच गिर्‍हाईकाने भाव पाडला. मी खाली बघत कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाय." आवाज बारीकच निघाला, पण त्याने भाव वाढवला.

मासिकाचे पैसे हप्त्याहप्त्याने पाठवत राहिले. छापलेल्या गोष्टीचे ठेवून घ्या, असं बाई म्हणाल्या. पण त्या गोष्टीतली बाई माझी नव्हती, तिचे पैसे मी कशाला ठेवू? काल तेही पाठवले. सगळे फिटले.