फ्लेक्सवरची मशीनगन

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी आमच्या गावात माझा फ्लेक्स लागला. डोकं माझं, पण धड दुसऱ्याच कुणाचं, दारात न मावणाऱ्या खांद्यांचं, आणि हातात मशीनगन. दिग्रसच्या फ्लेक्सवाल्यानं हौसेनं जोडून दिलं होतं. बायकोनं बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, पाहायला हा आला असता तर मी एवढे आढेवेढे घेतले नसते.

मी फौजेत सतरा वर्षं लंगरात होतो, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात. बंदूक मलाही शिकवली होती, पण लढाईत माझ्या हातात झारा होता. गावात कुणी किती मारले विचारलं, तर मी खरं ते सांगायचो, एकही नाही, पोळ्या मात्र बेसुमार लाटल्या. लोक एकमेकांना डोळे मिचकावायचे. फौजी गुपित फोडणार नाही, म्हणायचे.

सरपंचानं मला भाषणाला उभं राहायला सांगितलं. पोरांचं रक्त उसळलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. मी म्हटलं, बाबा, मी वरणाला फोडणी देणारा माणूस, रक्ताला उकळी कुठून आणू? त्यानं हेडमास्तरांकडून भाषण लिहून आणलं आणि माझ्या खिशात कोंबलं.

त्यातच त्यानं मारेगावकडच्या एका वहिनींना वीरपत्नी म्हणून सत्काराला बोलावलं, आणि माझी झोप उडाली. त्यांचे यजमान माझ्याबरोबर लंगरातच होते. लढाईत गेले. मी सुट्टीवर आल्यावर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्यांसमोर जीभ कचरली आणि सांगून बसलो, शेवटपर्यंत बंदूक चालवत होता. तेव्हापासून त्यांच्या गावच्या शाळेत पोरं दरवर्षी लाकडी बंदूक घेऊन तो प्रसंग करतात. पहिल्या वर्षी शत्रू तीन होते, आता वर्गात मावत नाहीत.

खरं असं होतं, की वरच्या चौकीवर जेवण न्यायची पाळी माझी होती. मला ताप होता. तो माझ्याऐवजी वरणाचा डबा पाठीवर घेऊन चढला आणि वाटेत तोफेचा गोळा पडला.

झेंडावंदन झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. मी कागद उघडला. पहिल्याच ओळीत रणदुंदुभी होती. समोर खुर्चीत वहिनी बसल्या होत्या, आणि माझ्याच्यानं पुढं वाचवेना. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माइकवर सगळं सांगितलं, वरण, ताप, पाळी, आणि मी बोललेलं खोटं. सरपंचानं घाईघाईत भारतमातेचा जयजयकार सुरू केला. दोन-चार पोरांनी साथ दिली, बाकीची फ्लेक्सकडे पाहत राहिली.

खाली उतरून मी वहिनींपुढे हात जोडले. मला वाटलं, आता त्या तोंड फिरवतील. त्यांनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

“मले त्या बंदुकीचं कधी पटलंच नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घरी कोंबडी कापाची म्हटली, तर ते वावरात निघून जायचे.”

मग त्यांनी विचारलं, “पण वरचे लोकं त्या दिवशी जेवले काय?”

“जेवले,” मी म्हणालो. “दुसरा डबा मी नेला. तापातच.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या, आणि मी साऱ्या गावासमोर, नारळ मांडीवर धरून, ढसाढसा रडलो.